घर नंबर सतराची सहमती

१

साहेब, माणूस तुम्ही मारलात, आणि वर कागद पाठवलात की त्याच्या घरच्यांनी मारला.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर छापणारा मागं सरतो, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. कुठली कचेरी, कुठली योजना, कोणाच्या सहीचा कागद, हे पहिल्याच ओळीत तुमच्या ध्यानात आलं असणार. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगतो.

वीस जून १९९७, शुक्रवार. बनारसात पारा पंचेचाळीसच्या पुढं. दुपारी सव्वातीनला मंगला गौरीच्या आमच्या गल्लीत किंकाळी ऐकू आली. सतरा नंबरच्या घरातून. मी त्याच गल्लीत थोडं पुढं राहतो. धावत गेलो.

तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखालच्या खोलीत, नरहरशास्त्री खाटेवर मरून पडले होते. वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांपासून उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. डावा हात तेवढा चालायचा, म्हणून त्या हाताशी पितळेची घंटा ठेवलेली असायची. घंटा आता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी पडली होती. नुसती निसटून घंटा इतकी लांब जात नाही. त्यांनी ती फेकली होती.

दारात त्यांची सून तेजश्री उभी. नऊवारी नेसलेली, नाकात नथ, हातात पूजेचं तबक. वडाची पूजा करून ती नुकतीच आली होती. "सुमंतदादा, मामंजी उठत नाहीत," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी शास्त्रीबुवांच्या पायांना हात लावला. मग कूलरकडे वळलो, वायरमनची खोड. कूलरचा खटका चालू, कूलर बंद. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. खालच्या मजल्यावर मात्र पंखा फिरत होता. त्याची घरघर जिन्यात ऐकू येत होती.

चार दिवसांनी तुमचा कागद आला. त्यात कामाचं वाक्य एकच होतं: तेरा वाजून बारा मिनिटांनी घर क्रमांक सतराने वीज सोडण्यास स्वतः सहमती दिली.

म्हणजे घरातल्या कोणीतरी हिरवं बटण दाबलं होतं.

२

ते बटण ज्या डब्यावर आहे तो डबा भिंतीवर मी ठोकलाय. आमच्या मोहल्ल्यातली चाळीस घरं, चाळीस डबे, सगळे माझ्या हातचे.

कल्पना वाईट नव्हती. मी आजही तेच म्हणतो. उन्हाळ्यात दुपारी विजेची मागणी चढते, सबस्टेशनला झेपत नाही, मग अख्ख्या मोहल्ल्याची कटौती. तुम्ही म्हणालात, सगळ्यांना कशाला बुडवायचं? प्रत्येक घरात दोन तारा करा. दिवे-पंखे पहिल्या तारेवर. स्वयंपाकाचा हीटर, पाण्याचा पंप आणि कूलर दुसऱ्या तारेवर. ही दुसरी तार सबस्टेशनातल्या कॉम्प्युटरच्या ताब्यात. वीज कमी पडली की तो काही घरांची दुसरी तार थोडा वेळ तोडणार, पाळीपाळीनं. तेवढ्यानं बाकीचं सगळं तगतं.

तोडण्याआधी डब्यातली घंटी वाजते. दोन मिनिटं मिळतात. लाल बटण दाबलं तर तुमचं घर वगळलं. काहीच दाबलं नाही तर अर्धा तास वीज जाते. हिरवं दाबलं तर तुम्ही राजीखुशीनं पाच तास सोडलेत. बदल्यात काय, तर संध्याकाळी दोन्ही तारांची कटौती होते ती माफ. हिरवं जास्त वेळा दाबणाऱ्याचा संध्याकाळचा उजेड पक्का.

नरहरशास्त्रींचा कूलर पहिल्या तारेवर घेऊ द्या, आजारी माणूस आहे, असं मी तुमच्या कचेरीत येऊन म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, "कूलर म्हणजे दुसरी तार. अपवाद नाही." मी गप घरी आलो आणि दुसऱ्या तारेवर जोडला. ते माझ्या माथी आहे. मी नाकारत नाही.

तुमच्या कागदाची एक प्रत चौकीत गेली. दुसरी शास्त्रीबुवांच्या थोरल्या मुलाच्या हातात पडली. हा विश्वेश, तेजश्रीचा नवरा, मुगलसरायला रेल्वेत. मुंडण केलेलं डोकं, डोळे सुजलेले. त्यानं कागद दोनदा वाचला आणि बायकोला माझ्यासमोर सांगितलं, "घरात तू होतीस नाहीतर यज्ञेश. कोणी दाबलं ते तेराव्यापर्यंत सांग. नाहीतर तू इंदूरला माहेरी जा. ईशानी इथंच राहील."

ईशानी त्यांची मुलगी. सात वर्षांची.

तेरावा दोन जुलैला होता. माझ्याकडे आठ दिवस होते.

३

तेजश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी काय काय केलंत? एकूणएक सांगा."

"चारला उठले. माझा उपास. पण मामंजींना मऊ भात लागतो आणि यज्ञेशभावजींना पोळी-भाजी. म्हणून नऊच्या आत सगळा स्वयंपाक करून हीटर बंद केला. रोज पूजा आटोपल्यावर बारानंतर लावते, त्या दिवशी तसं नाही. मग मामंजींचं अंग पुसलं, त्यांना भरवलं. साडेबाराला कूलरमध्ये पाणी भरलं, खटका लावला, घंटा हाताशी दिली आणि ईशानीला घेऊन गेले."

"कूलर चालू झालेला पाहिला?"

"वारा त्यांच्या अंगावर येतोय का, हात धरून पाहिलं मी."

"इतका उशीर का झाला?"

"वड एक, बायका तीस, भटजी एक. त्यात एक म्हातारी चक्कर येऊन पडली, तिला घरी पोचवलं." ती थांबली. "जाताना शेजारच्या सीता भाभी भेटल्या. हसत होत्या. 'अरे, तुम्हारा आज है? हमारी बरसाइत तो अमावस को हो गई! तुम लोग हर बार पंद्रह दिन लेट!' म्हटलं, हो भाभी, आमची वटसावित्री पौर्णिमेला. तेवढ्यात पण पाच मिनिटं गेली, दादा. ती पाच मिनिटंही मी मोजते."

"निघताना हिरवं बटण..."

"मी ते बटण कधी दाबलेलंच नाही!" ती उसळली. "घंटी वाजली की मी लाल दाबते. चार महिने रोज लालच. ईशानीला विचारा. घंटी वाजली की ती जिन्यातून ओरडते, आई, लाल!"

"त्या दिवशी घंटी वाजली?"

"मी नव्हते ना घरात. भावजी होते."

४

यज्ञेश हा धाकटा मुलगा. खालच्या मजल्यावर संध्याकाळी गणिताच्या शिकवण्या घेतो. म्हणजे संध्याकाळचा उजेड सगळ्यांत जास्त हवा असलेला माणूस हाच.

"या, जासूस महाराज," तो म्हणाला. "वायरिंग करून झालं, आता तपास?"

"घंटी वाजली होती का रे?"

"नाही."

"झोपला होतास?"

"झोपलो होतो. पण ती घंटी मेलेल्याला उठवते. रोज दुपारी माझी झोप तिनंच मोडते, आणि वर वहिनीची धावपळ. त्या दिवशी काही नाही. माझा पंखा चालू होता. मला काय कळणार वर वीज गेलीय म्हणून? पंखा पहिल्या तारेवर, कूलर दुसऱ्या. तूच केलंस ना हे?"

मग तो खाली बघत म्हणाला, "सुमंत, दुसरीच घंटा ऐकली मी. झोपेत. पितळेची. वाटलं, शेजारच्या देवळात आरती चाललीय. कूस बदलली."

गणिताच्या मास्तराला रडताना मी प्रथमच पाहिलं. पण रडणारा माणूस खोटं बोलत नाही असं थोडंच असतं? उजेडासाठी त्यानं हिरवं दाबलं असेल, आणि आता त्यापायीच रडत असेल. मी उठलो आणि जिन्यातल्या डब्यापाशी गेलो.

नवी वस्तू घरात आली की आमच्या बायका तिला हळदकुंकू लावतात. शिलाई मशीन असो, फ्रिज असो. मी डबा बसवला त्याच दिवशी तेजश्रीनं त्यावर ओल्या कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं होतं. मी हसलोही होतो. ते स्वस्तिक दोन्ही बटणांवरून गेलं होतं. बटणाच्या कडेला जी बारीक फट असते, तिच्यावरून कुंकू वाळून पापुद्रा धरलेला.

लाल बटणाच्या कडेचा पापुद्रा पार उडाला होता. रोजचं दाबणं.

हिरव्या बटणाच्या कडेनं तो अख्खा होता. चार महिन्यांचा. केसाएवढीही चीर नाही. मी नखाचं टोक टेकवलं, बटण जरासं हललं, आणि तिथला कण ताबडतोब खाली पडला.

मी हात मागं घेतला. हिरवं बटण तेजश्रीनं दाबलं नव्हतं, यज्ञेशनं नाही, कोणीच नाही. बसवल्यापासून एकदाही नाही.

मग तुमच्या कॉम्प्युटरला सहमती दिली कोणी?

५

सबस्टेशनातला ऑपरेटर ढुंढिराज आमच्यातलाच, मराठी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, तोंडात कायम पान.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "प्रोग्राम बाहेरून आला, फ्लॉपीत. मी चालू करतो, बंद करतो. बस. मेरा दिमाग मत खा."

"वीस तारखेचा कागद दाखव. मग जातो."

कॉम्प्युटर रोजचा हिशोब भोकं पाडलेल्या लांब कागदावर छापतो. ढुंढिराजनं गठ्ठा सोडला. मी ओळीवरून बोट फिरवत गेलो. १३:१२:०० घर १७ सहमत. त्याच्या खाली १३:१२:०० घर १९ सहमत. त्याच्या खाली आणखी एक. आणखी एक.

एकूण नऊ घरं. सगळी एकाच सेकंदाला.

"नऊ घरांतली नऊ माणसं एकाच सेकंदाला बटण दाबतात?" मी विचारलं.

ढुंढिराजनं पान थुंकलं. "वरच्या साहेबांनी पाहिलं हे. म्हणाले, घरं बघा कोणाची आहेत. सगळी मराठी. ठरवून केलं असेल, म्हणाले."

खरोखरच नऊच्या नऊ मराठी घरं होती. पण योजनेत मराठी घरं अकरा आहेत. दोन राहिली होती. एक गंगाकाकूंचं; त्यांचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली. दुसरं माझं. मी एकटा राहतो, साडेबाराला हीटर लावून खिचडी टाकतो.

ही दोन घरं सोडली तर बाकी नऊ घरांत काय होतं जे आमच्याकडे नाही?

नवरा असलेली बाई.

"ढुंढिराज, पाच जूनचा कागद काढ."

"पाच जूनला काय?"

"अमावस्या होती. काढ तर."

त्यानं काढला. तेरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं, शून्य सेकंद. एकाखाली एक चोवीस घरं सहमत. सगळी हिंदी भाषकांची. सीता भाभींचंही. मराठी एकही नाही.

"त्या दिवशी आमच्याकडे काहीच नव्हतं," ढुंढिराज म्हणाला. "वटसावित्री त्यांची होती."

६

एक जुलै, बारावा दिवस. पाऊस लांबला होता, दुपार तशीच भाजत होती. विश्वेश आणि यज्ञेश दोघांना मी माझ्या घरी आणून बसवलं. डब्यासमोर.

"आज मी हीटर लावणार नाही," मी सांगितलं. "कूलर तेवढा चालू. आणि कोणी डब्याला हात लावायचा नाही."

"नाटक कशाला?" विश्वेश म्हणाला. त्याला उद्याची तयारी होती.

"दादा, बस," यज्ञेश म्हणाला.

एक वाजून पाच मिनिटांनी डब्यात टक्‌ असा आवाज झाला. घंटी वाजली नाही. सहमतीचा हिरवा दिवा आपोआप लागला आणि कूलर बंद पडला.

आम्ही तिघं डब्यापासून तीन हातांवर होतो. कोणी हललं नव्हतं.

"आता लाल दाब," मी विश्वेशला म्हणालो.

त्यानं दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी, मग तळहातानं. डब्याचा पत्रा वाजत होता, हिरवा दिवा तसाच. यज्ञेशनं त्याचा हात धरला तेव्हा तो थांबला.

मग मी सांगितलं. कॉम्प्युटर प्रत्येक घराची रोजची सवय लक्षात ठेवतो. माझा हीटर रोज दुपारी लागतो, आज नाही लागला. त्यानं पाहिलं, या घरानं आपणहून वापर निम्म्याखाली आणला. म्हणजे हे घर राजी आहे. राजी असलेल्याला घंटी कशाला? आणि एकदा राजी म्हटलं की पाच तास लाल बटण मेलेलं. बटण दाबून दिलेली सहमती आणि त्यानं स्वतः गृहीत धरलेली सहमती, कागदावर दोन्हींना शब्द एकच.

वटपौर्णिमेला आपल्या बायका भल्या सकाळी स्वयंपाक उरकतात. दुपारी हीटर नाही, पंप नाही. नऊ घरं एकदम हलकी झाली. वीज कमी पडली त्या क्षणी त्यानं नऊही एकाच सेकंदाला राजी धरली. सतरा नंबरात उरला तो एक कूलर. कॉम्प्युटरला तो दिसला, पण कमी दिसला. कूलरचा वारा कोणाच्या अंगावर येतो ते त्याच्या फ्लॉपीत नव्हतं. म्हणूनच टाकी भरलेली राहिली. तेजश्री गेल्यावर कूलर पाऊण तासही चालला नाही.

"तिनं उपास केला म्हणून..." विश्वेश म्हणाला. "माझ्यासाठी केलेला उपास."

संध्याकाळी ढुंढिराज कागदाचा तुकडा घेऊन आला. १३:०५:००. घर ३१ सहमत. माझं घर.

७

इथं गोष्ट संपायला हवी होती. गुन्हा कोणाचा ते कळलं, निरपराध सुटली. पण तसं झालं नाही, साहेब, कारण पुढचं तुमच्या हातात होतं.

तेरावा होताच मी आणि विश्वेश तुमच्याकडे आलो. तुम्ही चहा मागवलात. सगळं ऐकून घेतलंत आणि हसून म्हणालात, "जो घर पहले से बचत कर रहा है, उसे घंटी बजाकर क्यों परेशान करें? इतनी समझ तो प्रोग्राम में डाली है." विश्वेश म्हणाला, हेच लिहून द्या. तेव्हा तुमचा चहा संपला.

आठवड्यात माझा परवाना गेला. डब्याशी छेडछाड केल्याचा ठपका. ढुंढिराजची बदली झाली, दोन वर्षं उरलेली असताना, दीडशे मैलांवर. कागदाचे गठ्ठे कोणी उचलले ते त्यालाही सांगितलं नाही. डबा काढून टाका म्हणून यज्ञेश अर्ज घेऊन गेला तर उत्तर मिळालं, चौकशी चालू आहे, तोवर तो पुरावा आहे.

तेजश्री इंदूरला गेली नाही. ईशानी तिच्याजवळ आहे. तेवढं झालं. पण चौकीतल्या फायलीत तुमचा कागद अजून तसाच आहे, आणि त्यावर लिहिलंय की घरानं सहमती दिली. दर महिन्याला तिला बोलावतात. दर महिन्याला तोच प्रश्न: बटन किसने दबाया? कुंकवाचा पापुद्रा दाखवला तर शिपाई हसतो. विश्वेशही एकदा जेवताना म्हणून गेला, "लवकर आली असतीस तर." त्याला तसं म्हणायचं नव्हतं. पण निघालं तोंडातून.

परवा तिनं मला विचारलं, "दादा, तुम्ही सगळं शोधून काढलंत. मग कागदावर अजून तेच कसं?"

माझ्याकडे पक्कड होती, टेस्टर होता. त्यानं कागदावरचा शब्द निघत नाही.

आता पुढच्या वर्षाचा मे संपत आलाय. चाळीस डब्यांचे चारशे झालेत. ते मी ठोकलेले नाहीत, पण प्रोग्राम तोच आहे; मी पाहून आलोय. पंचवीस तारखेला अमावस्या झाली आणि सीता भाभींच्या बाजूच्या घरांची वीज घंटी न वाजता गेली. कोणी मेलं नाही, नशीब. येत्या दहा जूनला ज्येष्ठी पौर्णिमा आहे. आमच्या घरांतले हीटर त्या दुपारी पुन्हा थंड असणार, आणि कोणत्यातरी गच्चीखालच्या खोलीत कोणीतरी पडून असणार.

मला मोबदला नको, परवाना परत नको. दहा तारखेच्या आत एकाच प्रश्नाचं लेखी उत्तर द्या. एक वाजून बारा मिनिटांनी नऊ घरांत नऊ हात एकदम उठले म्हणता ना? मग सतरा नंबरात जो उठला तो हात कोणाचा, त्याचं नाव लिहा. लिहिता येत नसेल तर घर सतरासमोरचा 'सहमत' हा शब्द स्वतःच्या हातानं खोडा आणि खाली सही करा.

दोन्हींतलं काय करताय, साहेब?